डावखुऱ्यांची अवजारं : हँडल बघू नका, पातं बघा

उलटी गंगा

घरातल्या कुठल्या वस्तू डावखुऱ्या माणसाला खरोखरच उलट्या घडणीच्या लागतात आणि कुठल्या नुसत्या फिरवून धरल्या की भागतं, हे एका जागी असावं म्हणून हा धागा. दहातला एक जण डावखुरा असतो असं धरलं, तरी दोन-तीन घरांमागे एकाला उपयोग होईल.

ऑनलाइन 'डावखुऱ्यांसाठी खास' म्हणून काहीही खपवतात. मी चाळणी अशी लावतो. दोन पाती एकमेकांना घासून जातात का? धारेचा उतार एकाच अंगाला आहे का? काही पिळून आवळावं लागतं का? आकडे किंवा चोच एकाच बाजूला आहे का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर त्या वस्तूला डावं-उजवं नसतं. लाटणं, झारा, नेलकटर, हातोडी यांची 'खास' आवृत्ती कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

सुरुवात कात्रीपासून करू. टाका-दोरा, तुम्ही लिहा.

टाका-दोरा

कात्रीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे कडी मऊ आणि दोन्ही हातांना बसणारी असली की कात्री दोन्ही हातांची झाली. नाही होत. डावं-उजवं ठरतं ते कुठलं पातं वर आहे त्यावरून.

ओळखायचं असं : टोक पलीकडे करून कात्री धरा आणि थोडी उघडा. वरचं पातं उजवीकडे दिसलं तर कात्री उजवी, डावीकडे दिसलं तर डावी. आता कात्री पालथी करून बघा. वरचं पातं पुन्हा त्याच बाजूला येईल. म्हणून 'उलटी धरून काप' हा सल्ला कात्रीपुरता फुकट आहे.

आता ती कापत का नाही ते. चांगल्या कात्रीची पाती आतून किंचित पोकळ असतात. मिटलेली कात्री उजेडासमोर धरा, मध्ये बारीक फट दिसेल. पाती फक्त दोन जागी टेकतात, खिळ्यापाशी आणि जिथे कापलं जातंय त्या बिंदूपाशी. मूठ आवळताना अंगठा बाहेर ढकलतो आणि बोटं तळव्याकडे ओढतात. उजव्या कात्रीत उजव्या हाताचा हा आडवा जोर पाती एकमेकांवर दाबतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती फाकवतो. कागद जाड असेल तर कसाबसा कापला जातो, पण मलमल, शिफॉन, टिश्यू पेपर दोन पात्यांमध्ये दुमडून बसतो. शिवाय वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं, त्यामुळे डावखुरा माणूस पात्यावरून वाकून बघत राहतो आणि मान धरते.

चिकित्सक

पण सवय होतेच की. उजव्या कात्रीने कापड बेतणारे डावखुरे शिंपी ढिगाने आहेत. मग हे सगळं कौतुक कशाला?

टाका-दोरा

बेततात, कारण ते नकळत जोर उलटा लावायला शिकलेले असतात. अंगठा तळव्याकडे ओढायचा आणि बोटं बाहेर ढकलायची. खिळा पाव आटा आवळला तर अजून थोडं सोपं जातं. पण हा जोर सगळा अंगठ्याच्या बुडावर येतो. एखादा ब्लाउज बेतायला हरकत नाही, रोज पंधरा बेतायचे असतील तर हात दुखणार.

याचीच दुसरी बाजू कुणी सांगत नाही. इतकी वर्षं उलट जोर लावायची सवय असलेल्या माणसाने खरी डावी कात्री घेतली की पहिले काही दिवस ती बोथट वाटते. कारण तोच उलटा जोर आता डाव्या कात्रीची पाती फाकवतो. लोक 'भिकार निघाली' म्हणून परत पाठवतात. तसं करू नका. अंगठा मोकळा सोडा, मूठ नुसती मिटा, जुन्या वर्तमानपत्रावर लांब पट्ट्या कापा. सरळ कापता आलं की मग कापडाला लावा.

घेताना तपासायचं : एक कडं धरून कात्री पूर्ण उघडा आणि दुसरं कडं सोडून द्या. पातं संथ मिटत येऊन साधारण दोन तृतीयांशावर थांबावं. धाडकन मिटलं तर खिळा सैल आहे, जागेवरून हललंच नाही तर घट्ट. नंतर टिश्यू पेपर टोकापर्यंत कापून बघा. टोकाशी चावला गेला तर पाती नीट जुळलेली नाहीत.

धार लावणाऱ्याला एकच सांगायचं, धार फक्त बाहेरच्या उतारावर, आतल्या सपाट अंगाला दगड लावायचा नाही. हे उजव्या कात्रीलाही लागू आहे, पण डावी बिघडली तर दुसरी चटकन मिळत नाही.

लेकुरवाळी

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी कुठली घ्यावी? दुकानात 'दोन्ही हातांना चालते' म्हणून प्लास्टिकची दाखवतात. गोल कापताना कागद फाटतो.

टाका-दोरा

ती प्लास्टिकची वरच्या पद्धतीने तपासा, बहुतेक उजवीच निघेल. मापेडच्या शाळेच्या कात्र्यांमध्ये डावी आवृत्ती येते, पाकिटावर लिहिलेलं असतं. तरी पाकिटावर न जाता पातं बघा, कारण दुकानात पाकिटांची सरमिसळ होते.

गोल फाटण्याचं कारण बहुधा दिशा. उजव्या हाताची मुलं गोल घड्याळाच्या उलट दिशेने कापतात आणि वर्गात तेच शिकवलं जातं. डाव्या हाताने डावी कात्री असेल तर घड्याळाच्या दिशेने कापायचं. म्हणजे रेघ पात्याच्या आत दिसत राहते. फिरवायचा उजव्या हातातला कागद, कात्री नाही. ताई, वर्गशिक्षिकेलाही एवढं सांगून ठेवा, नाहीतर दिशेवरून बिचाऱ्याला उगाच बोलणी बसतात.

पळी-पंचपात्र

स्वयंपाकघराकडे वळते.

विळी : हिची काळजी नको. पाट आणि पातं मधोमध, भाजी दोन्ही हातांत. पाटावर उजव्याऐवजी डावा पाय दाबा, झालं. फक्त नवीन विळीचं पातं समोरून, धारेच्या रेषेत डोळा लावून बघा. उतार दोन्ही अंगांना सारखा हवा. एकाच अंगाला घासलेलं असेल तर काकडीचे काप एका बाजूला जाड उतरतात. मग तो दोष हाताचा नसतो, धारेचा असतो. खवणीचे दाते गोलाकार असल्याने तिथेही डावं-उजवं नाही.

सोलाणं : इथे मात्र फसगत होते. पातं घट्ट बसवलेल्या सुरीसारख्या सोलाण्याला एकाच कडेला धार असते आणि ती उजव्या हाताच्या हिशोबाने. डाव्या हातात ते बटाट्यावरून नुसतं घसरतं. पातं डुलणारं, इंग्रजी वाय आकाराचं सोलाणं घ्या. स्वित्झर्लंडचं १९४७चं 'रेक्स' हे त्याचं नामी उदाहरण. आपल्याकडे मिळणारी बरीचशी याच घाटाची असतात. स्वतःकडे ओढायचं असल्याने हात कुठलाही चालतो. डुलणारं पण लांबट घेणार असाल तर फटीच्या दोन्ही कडांना धार आहे ना, ते बघा.

दातेरी सुरी : ब्रेड आणि केकसाठीच्या बहुतेक सुऱ्यांचे दाते एकाच अंगाने पाडलेले असतात. धार खाली, टोक पलीकडे धरलं तर उतार उजवीकडे दिसतो. नियम असा की सुरी सपाट अंगाकडे पळते, म्हणजे इथे डावीकडे. डावखुरा माणूस लोफच्या डाव्या टोकाकडून काप काढतो, त्यामुळे सुरी कापातून बाहेर निसटत जाते आणि काप वर जाड, खाली कागदासारखा होतो. नवी सुरी घ्यायची नसेल तर पाठ थोडी डावीकडे कलती धरा आणि दाब कमी करून ओढ लांब ठेवा. जोर लावला की जास्त पळते.

साध्या सुरीला उतार दोन्हीकडे असतो, ती चालते. जपानी एका उताराच्या सुऱ्या (यानागिबा, देबा, उसुबा) मात्र डाव्या हाताच्या वेगळ्या घडवलेल्या असतात आणि महाग पडतात. हौस असेल तरच.

चहाचं भांडं : दांडी आपल्याकडे करून बघा. एकच चोच असेल तर ती डावीकडे असते, कारण उजव्या हाताने भांडं डावीकडे कलतं. डाव्या हाताने ओतताना चोच उलट्या बाजूला राहते आणि चहा काठावरून बाहेर ओघळतो. दोन चोचींचं घ्या, किंमत सारखीच असते. बिनदांडीचं पातेलं आणि सांडशी यांना प्रश्नच नाही.

मापाचा जग : डाव्या हातात धरला की मिलिलिटरचे आकडे पलीकडे जातात आणि समोर औंस येतात. दोन्ही अंगांना मिलिलिटर छापलेला घ्या.

उलथनं : तिरकं कापलेलं लाकडी उलथनं सपाट असेल तर नुसतं पालथं करा, तिरकेपणा डाव्या हाताचा होतो. खोलगट असेल तर ते जमत नाही. दुकानात हातात घेऊन रिकाम्या कढईत फिरवून बघा, तिरकी कड बुडाला सपाट टेकली पाहिजे.

कोकम

दिवाळीच्या तोंडावर सोऱ्याचं लिहा की कुणीतरी. पिळाचा पितळी सोऱ्या डाव्या हाताला फार जड जातो.

पळी-पंचपात्र

बरोबर. पिळाच्या सोऱ्याची दांडी घड्याळाच्या दिशेने फिरली की दट्ट्या खाली जातो. उजवा हात दांडीच्या उजव्या टोकाला असतो, तो स्वतःकडे ओढतो. डावा हात डाव्या टोकाला, त्याला दांडी स्वतःपासून दूर ढकलावी लागते. चकलीच्या घट्ट पिठात तो ढकला दोन-चार चकल्यांतच थकवतो. पीठ सैल करून सोपं करायला जाऊ नका, चकली तळणीत विरघळेल. त्यापेक्षा ओट्यावर न पिळता बसून, सोऱ्या कमरेच्या खाली ठेवून पिळा, म्हणजे मनगटाऐवजी खांद्याचा जोर लागतो. किंवा दोन्ही हातांनी दाबायचा, दोन मुठींचा सोऱ्या घ्या. त्यात पीळ नाही, त्यामुळे डावं-उजवंही नाही.

माडाखाली

टेबलावर चिकटणाऱ्या, दांडा फिरवायच्या नारळखवणीचं राहिलं. डावखुरे ती सरळ उलटी फिरवून बसवतात, म्हणजे दांडा डावीकडे आणि खवणी उजवीकडे. इथपर्यंत ठीक. पण मग दांडा सवयीने वरून पुढे ढकलत फिरवतात आणि पाती उलटी घासतात. खोबरं न कातरता करवंटीला चोळलं जातं, चव ओलसर आणि चिकट पडतो. पात्यांना एकाच बाजूला धार असेल तर दांडा वरून स्वतःकडे ओढत फिरवायचा. बोटाने हलकेच चाचपून धार कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून घ्या.

विळा आणि कोयतीबद्दलही सांगतो. दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाने पाडलेले असतात. तो डाव्या हातात घेतला की उलटा होतो, वरचं अंग खाली जातं. त्यामुळे कापताना तो एक तर वर चढतो, नाहीतर मातीत घुसतो. लोहाराकडून घडवून घेत असाल तर दाते पाडायच्या आधीच 'डाव्या हाताचा' म्हणून सांगा. कोयतीला एका अंगाने धार असेल तर तीच गत. दोन्ही अंगांनी धार लावून घेतली की हात कुठलाही चालतो, फक्त शहाळं तासताना काप थोडे जाड निघतात.

बागेच्या कात्रीत एक पातं दुसऱ्याला घासून जाणारी जात ही सरळसरळ उजवी किंवा डावी असते. फेल्कोचा २ नंबर उजवा, ९ आणि १० नंबर डावे. दहाची एक मूठ फिरती असते. फांदी कापताना धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे असावं, म्हणजे खुंट उरत नाही. उजवी कात्री डाव्या हातात असेल तर निदान ती पालथी करून एवढं तरी सांभाळा. सपाट ठोकळ्यावर पातं आदळणारी कात्री दोन्ही हातांना चालते, पण ती ओली फांदी चेचते. ती सुक्या काटक्यांसाठी ठेवा.

रंधा

आता हत्यारांची पेटी.

स्क्रू : जगातले जवळजवळ सगळे स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळतात. उजव्या हाताला ही हालचाल तळवा वर वळवण्याची होते आणि तिच्यात दंडाचा मोठा स्नायू लागतो. डाव्या हाताला तीच हालचाल तळवा खाली वळवण्याची, त्यात जोर कमी. त्यामुळे डावखुऱ्याला स्क्रू बसवणं जड आणि जाम झालेला काढणं सोपं जातं. बरणीच्या घट्ट झाकणाचंही तेच. घरात कुणाचं झाकण उघडत नसेल तर डावखुऱ्याला हाक मारा.

आवळताना रॅचेटचा स्क्रूड्रायव्हर घ्या. आधी भोक पाडा, कठीण लाकडात ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिमी. आट्यांना मेण किंवा कोरडा साबण चोळा. काढताना कोपर काटकोनात ठेवलात तर दंडाचा पूर्ण जोर मिळतो.

ड्रिल : हे नीट वाचा, कारण इथे इजा होते. वायरवाल्या ड्रिलच्या मुठीवर घोडा दाबलेला ठेवण्याचं बटण असतं. ते डाव्या अंगाला असतं, उजव्या अंगठ्याला सहज लागावं म्हणून. ड्रिल डाव्या हातात धरलं की ते बटण तर्जनीच्या मुळाशी, तळव्याखाली येतं आणि नकळत दाबलं जातं. घोडा सोडला तरी ड्रिल फिरतच राहतं. अशा वेळी गडबडून वायर ओढू नका. घोडा एकदा पूर्ण दाबून सोडा, बटण बाहेर येतं. विकत घेताना तेवढ्यासाठी ड्रिल डाव्या हातात आवळून बघा. बॅटरीच्या बहुतेक ड्रिलना हे बटणच नसतं, डावखुऱ्यासाठी तेच बरं.

ग्राइंडर : बाजूची मूठ दोन्हीकडे बसते, ती काढून उजव्या बाजूला लावा. आणि गार्डही फिरवा, लोक मूठ बदलतात आणि गार्ड तसंच ठेवतात. ठिणग्या मग थेट मनगटावर.

गोल पात्याची विजेची करवत : इथे मात्र डावखुऱ्याचं नशीब उघडतं. पातं मोटरच्या उजवीकडे असलेलं यंत्र डाव्या हातात धरलं की रेघ स्वच्छ दिसते. उजवा माणूस त्याच यंत्रावरून वाकून बघत असतो.

मेजर टेप : डबी डाव्या हातात धरून पट्टी उजवीकडे ओढली की आकडे उलटे दिसतात, मग ६ आणि ९ची गफलत होते. आकडे उलटे छापलेली टेप मिळते, नसेल तर दोन्ही कडांना आकडे असलेली घ्या.

टाका-दोरा

शिवणकामाच्या इंचटेपला हा त्रास नाही. तिच्या दोन अंगांची मोजणी सहसा दोन विरुद्ध टोकांपासून सुरू होते. पालथी करा, शून्य आपल्या बाजूला येतं. गोल पात्याचा कापड-कटर मात्र बघून घ्या. नट सोडवून पातं दुसऱ्या अंगाला बसवता आलं पाहिजे, नाहीतर पट्टी आणि पात्याच्या मध्ये मूठ येते.

इस्त्रीचं टेबल नुसतं १८० अंशात वळवा, निमुळतं टोक उजवीकडे आणि इस्त्रीची जागा डावीकडे. इस्त्रीची वायर मागे मधोमध, फिरत्या सांध्यातून निघणारी हवी. एका कडेने निघणारी वायर डाव्या हाताने कपड्यावरून फरफटते.

चिकित्सक

मग टेबलफॅनच्या पात्याचा नट उलटा उघडतो, तो काय डावखुऱ्यांसाठी?

रंधा

नाही हो. :) पातं ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सैल होऊ नये म्हणून तिथे उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पेडलचंही तसंच. त्याचा हाताशी काही संबंध नाही. पण घड्याळाच्या दिशेने उघडतो हे लक्षात ठेवा, जोर लावून लोक प्लास्टिकचा नट फोडतात.

दौत

लिहिण्याबद्दल थोडं. डाव्या हाताने देवनागरी लिहिताना निब ओढलं जात नाही, ढकललं जातं. त्यामुळे टोकदार निब कागदात रुततं आणि लिहिलेल्यावरून हात फिरून शाई पुसते. कागद शरीराच्या मध्यापासून थोडा डावीकडे आणि घड्याळाच्या दिशेने कलता ठेवा, हात ओळीच्या खाली. बोटं टोकापासून ३ सेंमी मागे, म्हणजे काय लिहिलंय ते दिसतं. जेल पेन टाळा, बॉलपेन किंवा लवकर वाळणारी शाई घ्या. लॅमीचं 'एलएच' निब डाव्या हातासाठीच घासलेलं असतं.

शिरोरेषेची एक युक्ती : शब्द लिहून झाल्यावर रेष उजवीकडून डावीकडे ओढा. मग निब ढकललं जात नाही आणि रेष सरळ येते. शाळेत याला हरकत घेतात. का ते कळत नाही, रेष कुठून सुरू झाली हे वाचणाऱ्याला दिसत नसतं.

स्पायरलच्या वहीत डाव्या बाजूची तार मनगटाला टोचते. तार वरच्या बाजूला असलेलं पॅड घ्या. शार्पनरही डावा मिळतो, त्यात पेन्सिल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. दुसऱ्या कुणी सवयीने उलटी फिरवली तर टोक निघत नाही आणि शार्पनर बिघडला म्हणून कचऱ्यात जातो. घरात दोन्ही असतील तर वेगळ्या रंगाचे ठेवा.

उलटी गंगा

छान भर पडली. लंडनला सोहोमध्ये १९६८ साली फक्त डावखुऱ्यांच्या वस्तूंचं दुकान निघालं होतं, तिथेही लोक आधी कात्री आणि डबा फोडायचं यंत्र मागत असणार असं आता वाटतं. खर्चाचा क्रम लावायचा तर मी आधी कात्री, मग सोलाणं आणि दातेरी सुरी म्हणेन. ड्रिल जुनंच ठेवलं तरी चालेल, पण ते बटण आजच तपासा.

कोकम

एक शेवटचं. पार्सलं उघडायच्या, पातं मोडून पुढे सरकवायच्या कटरचं काय? डाव्या हातात सरकपट्टी तळव्याकडे जाते.

रंधा

नवा घेऊ नका, पातं उलटं बसवा. मागची टोपी काढा, सरकपट्टी पातं घेऊन मागून बाहेर ओढा. पातं पट्टीच्या खुंटीवरून सोडवून लांबीच्या अक्षात पालथं करा, टोक पुढेच राहू द्या. छिद्र परत खुंटीवर बसवून आत सरकवा. धार आता विरुद्ध कडेला येते, त्यामुळे कटर डाव्या हातात धरला की पट्टी अंगठ्याखाली येते. ९ आणि १८ मिमी, दोन्हींमध्ये सहसा जमतं. काही स्वस्त कटरमध्ये खुंटी मधोमध नसते, त्यात पातं तिरकं बसतं आणि डुलतं. डुललं तर वापरू नका. आणि टोपी पुन्हा लावायला विसरू नका, नाहीतर पातं मागून बाहेर येतं.